आधी मशीन थांबवायला शिकवा



सरांनी आयुष्यभर फिटर-टर्नरची पोरे घडवली. त्यांच्या स्मृतीला वाहिलेल्या या व्याख्यानमालेत कामाच्या जागेवरच्या सुरक्षिततेवर बोलायचे आणि तेही व्हीआर, म्हणजे आभासी वास्तव, या नव्या साधनाच्या निमित्ताने, असे ठरले. तेव्हा आयोजकांपैकी एकांनी मला सरळच विचारले, ‘वर्कशॉपात जुनी लेथ दुरुस्तीवाचून पडून राहते, आणि तुम्ही डोक्याला लावायच्या चष्म्याचे काय घेऊन बसलात?’ प्रश्न रास्त आहे. माझे आजचे सगळे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर समजा. ते मी आपल्या परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यापासून सुरू करतो.

मे २०२३ मध्ये सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा इथे सेप्टिक टँक साफ करताना पाच कामगार गुदमरून मेले. सहाव्याला अत्यवस्थ स्थितीत दवाखान्यात न्यावे लागले. माणसाला अशा टाकीत उतरवण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. भाऊच्या तांड्यानंतर पाचच महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. कायदाही आहे, निकालही आहे. तरी एका टाकीत पाच माणसे जातात, याचे काय करायचे?

टाकीच्या आत काय असते ते नीट समजून घेऊ. कुजलेल्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू तयार होतो. सुरुवातीला त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या आसपास गेला, की काही मिनिटांत माणसाचे नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. आत उतरलेल्याला वाटते, घाण निघाली, हवा मोकळी झाली. प्रमाण सातशे-हजारपर्यंत गेले तर एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. हा वायू हवेपेक्षा जड असतो, म्हणून तो तळाशी, माणूस जिथे वाकून काम करतो तिथेच साचतो. शिवाय टाकीत प्राणवायू कमी असतो. बाहेरच्या हवेत तो २०.९ टक्के असतो आणि १९.५ च्या खाली गेला की ती जागा धोक्याची मानतात. यातले काहीही डोळ्यांना दिसत नाही. वरून टॉर्च मारली तर नेहमीसारखी टाकी दिसते आणि तळाशी पडलेला आपला माणूस दिसतो. मग वरचा माणूस काय करणार? उडी मारणार. भाऊ असेल, चुलता असेल, सोबतचा मजूर असेल, तो उडी मारणारच. अमेरिकेतल्या व्यावसायिक सुरक्षितता संस्थेने १९८६ साली बंदिस्त जागांतल्या मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात निम्म्याहून जास्त, साठ टक्क्यांवर मृत्यू वाचवायला गेलेल्यांचे निघाले.

हे सगळे फळ्यावर लिहून देता येते. मी लिहूनही दिले आहे. मुले वहीत उतरवून घेतात, परीक्षेत बरोबर लिहितात. पण ज्या क्षणी खाली आपले माणूस पडलेले दिसते, त्या क्षणी वही आठवत नाही. शरीराला जी सवय असेल तेच शरीर करते. म्हणून धडा शरीरापर्यंत पोचवायचा असेल, तर तो क्षण मुलाला एकदा जगायला लावला पाहिजे. खऱ्या टाकीत तो जगायला लावता येत नाही. चष्म्यात येतो. टाकीवर उभे राहा, खाली सोबती कोसळताना पाहा, त्याची हाक ऐका, आणि तरीही उतरू नका. उतरलात तर दोन श्वासांत अंधार होतो. दुसऱ्यांदा तोच प्रसंग आला, की मुलगा उतरत नाही. तो ओरडतो, माणसे बोलावतो, दोर आणि हवेचा पंप मागतो. भाऊच्या तांड्यावर गेलेले कामगार कुठल्या संस्थेचे शिकाऊ उमेदवार नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या जिल्ह्यातली जी मुले आज आयटीआयमधून बाहेर पडतात, तीच उद्या साखर कारखान्यात टाक्या धुतील, पाणीपुरवठ्याच्या चेंबरात उतरतील, शेतातल्या विहिरीवर मोटार काढायला जातील. टाकीचे काम माणसाकडून काढून यंत्राकडे द्यायलाच हवे. ती मागणी सोडू नये. तोवर वर उभ्या असलेल्या माणसाने काय करायचे, हे प्रत्येक पोराच्या अंगात भिनले पाहिजे.

चुकीची किंमत जिथे जीव असते, तिथे खोट्या जागेत चुकायला द्यायचे, ही युक्ती जुनी आहे. एडविन लिंक नावाचा एक अमेरिकन तरुण वडिलांच्या ऑर्गन बनवण्याच्या कारखान्यात काम करत असे. त्याने १९२९ मध्ये ऑर्गनचेच भाते वापरून जमिनीवर हलणारे, वळणारे, कलणारे एक लाकडी विमान बनवले. सुरुवातीला जत्रेतल्या पाळण्यापलीकडे त्याला कुणी किंमत दिली नाही. मग १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहायचे काम आले. वाईट हवेत, रात्री, नुसत्या उपकरणांवर विमान चालवण्याचा सराव नसलेले वैमानिक एकामागून एक मेले, आणि त्याच वर्षी लष्कराने लिंकची यंत्रे विकत घेतली. लष्कराने ती घेतली ती मृत्यूंनंतर. आपणही भाऊच्या तांड्यानंतरच बोलतो आहोत, हे विसरू नये.

आपल्या देशातही काम झालेले आहे. आयआयटी खरगपूरमध्ये प्रा. झारेश्वर मैती यांनी सुरक्षितता आणि व्हीआर यांची स्वतंत्र प्रयोगशाळा उभी केली. धनबादच्या आयआयटीत खाणीचा व्हीआर सिम्युलेटर आहे. चेन्नईच्या स्किलवेरी कंपनीने वेल्डिंगचा सिम्युलेटर बनवला. त्यात रॉड जळत नाही, डोळ्यांवर आर्क येत नाही, आणि हाताचा कोन चुकला की तिथल्या तिथे कळते. आणि मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक सुरक्षिततेचे संग्रहालय कितीतरी वर्षांपासून आहे. तिथे चष्मा लागत नाही, नुसते जाऊन पाहायचे. परभणीहून रात्री रेल्वेने निघाले की सकाळी मुंबई. आपल्या संस्थांच्या सहली वेरूळला जातात, तशी एखादी सायनलाही जावी.

पुरावा काय म्हणतो, हेही सांगितले पाहिजे. २००६ मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात ९५ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. शिकणाऱ्याला प्रत्यक्ष करायला लावणारे सुरक्षितता प्रशिक्षण हे नुसत्या भाषण-पत्रकांच्या प्रशिक्षणापेक्षा सुमारे तिपटीने परिणामकारक, असा त्याचा निष्कर्ष. हैफाच्या टेक्निऑन संस्थेत २०१३ मध्ये बांधकाम सुरक्षिततेसाठी व्हीआर वापरून पाहिले. भिंतीला दगडी फरशा बसवणे, जागेवर काँक्रीट ओतणे अशा ठरावीक, हातातल्या कामांत व्हीआरने फरक पडला. साइटवरच्या सर्वसाधारण सुरक्षिततेत मात्र नेहमीच्या वर्गापेक्षा विशेष काही हाती लागले नाही. आणि २०१९ चा एक अभ्यास तर उलटे सांगतो. त्यात प्रयोगशाळेचा धडा विद्यार्थ्यांना चष्म्यातून दिला. त्यांना आपण खरेच तिथे आहोत असे जास्त वाटले, पण साध्या पडद्यावर शिकलेल्यांपेक्षा ते कमी शिकले. डोळे दिपले की डोके मागे पडते.

या तिन्हींचा अर्थ मी असा लावतो. चष्मा सगळे शिकवायला वापरू नका. अग्निशामक नळकांडीचे प्रकार, हेल्मेटचे रंग, कायद्याची कलमे यांसाठी फळा पुरतो. जिथे एका ठरावीक क्षणी हात कुठे जातो यावर जीव ठरतो, तेवढ्याच क्षणांसाठी चष्मा वापरा.

असा एक क्षण मी जवळून पाहिला आहे. एका प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या मुलांना हेडसेट लावायला दिला होता. एक मुलगा पुढे आला, गंगाखेडकडचा, सतराएक वर्षांचा, हातात कंट्रोलर घट्ट धरलेला. त्याच्यासमोर शेतातला डीपी होता. कानात फोनवरचा आवाज आला, ‘लाइन बंद केली आहे, चढ.’ मुलगा चढला. टेस्टर लावला नाही, डिस्चार्ज रॉडने अर्थिंग केले नाही, सरळ तारेकडे हात नेला. पुढचा पडदा पांढरा झाला, मग काळा. मुलाने चष्मा काढला. कपाळावर घाम होता. तो निदेशकांना म्हणाला, ‘सर, बंद आहे म्हणाले होते ना.’ निदेशक शांतपणे म्हणाले, ‘कोण म्हणाले होते?’ मुलगा गप्प झाला. फोनवर बोलणारा कोण, तो कुठल्या उपकेंद्रात उभा आहे, त्याने कुठला फीडर बंद केला, शेजारच्या आखाड्यावरचा जनरेटर उलटा करंट सोडतो आहे का, यातले काहीच त्याला माहीत नव्हते. दुसऱ्यांदा चष्मा लावल्यावर तो पायथ्याशी उभा राहिला आणि आधी परमिट मागितले.

आपल्याकडे ‘झिरो वायरमन’ हा शब्द सगळ्यांना ठाऊक आहे. कुठल्याही हजेरीपटावर नसलेला, लाइनमनसोबत फिरता फिरता काम शिकलेला गावातला पोरगा. रब्बीच्या पाण्याची पाळी असते, रात्री लाइट येते, डीपीवरचा फ्यूज उडतो, गावकरी त्याला उठवतात. खांबावर चढून तो मेला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात त्याचे पद ‘झिरो वायरमन’ असे छापून येते आणि भरपाईच्या वेळी त्याला कुणी ओळखत नाही. तोही शिकाऊच आहे. फक्त त्याचा करार कुणी केलेला नाही. शिकाऊ उमेदवारी अधिनियम १९६१ चा आहे. त्यात कारखान्यातल्या शिकाऊ उमेदवाराला आरोग्य आणि सुरक्षिततेच्या बाबतीत कामगाराचेच हक्क दिले आहेत, इजा झाली तर मालकाने भरपाई द्यायची असेही आहे. पण तीस माणसांपेक्षा लहान आस्थापनेवर उमेदवार घेण्याची सक्ती नाही आणि चारपेक्षा लहान जागेत तर ती योजना पोचतच नाही. परभणी, जिंतूर, सेलू, मानवत इथल्या गॅरेजांत आणि वेल्डिंगच्या शेडमध्ये उस्तादाच्या हाताखाली शिकणारी जी पोरे आहेत, ती बहुतेक याच्या बाहेर आहेत. म्हणून व्हीआरची पहिली खोली आयटीआयच्या आवारात झाली, तरी तिचे दार संध्याकाळी या पोरांसाठी उघडे राहिले पाहिजे.

आता मुख्य अडचण. बाजारात मिळणारे बहुतेक धडे परदेशी कारखान्यांचे असतात. चकचकीत फरशी, पिवळ्या पट्ट्या, निळी डांगरी घातलेले गोरे कामगार, इंग्रजीत सूचना. मानवतच्या जिनिंगमध्ये काम करणार असलेल्या मुलाला त्याचा काडीचा उपयोग नाही. आपल्याला धडे आपल्याच यंत्रांचे हवेत, आपल्याच भाषेत हवेत.

हडंब्याचेच, म्हणजे मळणी यंत्राचेच घ्या. ऑक्टोबर महिना, सोयाबीनची सुडी लावून ठेवलेली, आभाळ भरून आलेले. मळणीवाला पोत्यामागे पैसे घेतो, त्याला रात्रीतून आणखी दोन शेते गाठायची असतात. ट्रॅक्टरच्या दिव्यावर काम चालते. ट्रॅक्टरवरून यंत्राला फिरवणारा पीटीओ शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यात पदराचे किंवा उपरण्याचे टोक गेले, तर एका सेकंदात दोन मीटरच्या आसपास कापड गुंडाळले जाते. हात झटकायचा विचार डोक्यात येईपर्यंत माणूस शाफ्टवर असतो. पेंढी आत ढकलायच्या चाडीबाबत भारतीय मानक स्पष्ट आहे: चाडी किमान ९० सेंटिमीटर लांब असावी आणि त्यातला ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा, म्हणजे हात कितीही लांब केला तरी ड्रमपर्यंत पोचणार नाही. १९८३ साली संसदेने खास अशा धोकादायक यंत्रांसाठी कायदा केला, त्यात मळणी यंत्रे होती. तरीही दर हंगामात मराठवाड्यातल्या कुठल्यातरी गावातून हात गेल्याची, बाई ओढली गेल्याची बातमी येते.

याचा धडा असा करता येईल. मुलाला रात्रीच्या शेतात उभे करा. यंत्राचा खरा आवाज रेकॉर्ड करून कानात सोडा, कारण त्या आवाजात हाक ऐकू येत नाही हेही त्याने अनुभवले पाहिजे. समोर चाडी आखूड केलेला हडंबा ठेवा. पेंढ्या ओल्या, आत जायला तयार नाहीत. मागून मालकाचा आवाज, ‘रेट, रेट, पाऊस आला.’ मुलगा हाताने रेटतो का, की ट्रॅक्टरवाल्याला पीटीओ बंद करायची खूण करतो? ती खूण कुठली, ती अंधारात दिसते का, ट्रॅक्टरवर कुणी बसलेले तरी आहे का? असे प्रश्न पुस्तकात सुचत नाहीत. शेतात उभे राहिल्यावर सुचतात.

जिनिंगचे तसेच. डबल रोलर जिनमध्ये कापूस अडकला की तो हाताने ओढून काढायचा मोह होतो, कारण मशीन बंद केले तर रांगेतला फीडर थांबतो. कपाशीबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आत गेला, की ठिणगी पडते आणि रुईच्या ढिगाला आग लागते. गठाणीच्या प्रेसपाशी दार बंद होताना हात कुठे आहे, यावर सगळे असते. २००० साली सुरू झालेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात कितीतरी जिनिंग सुधारल्या, कन्व्हेयर आले, सिमेंटची खळी झाली. यंत्रे बदलली. त्यांच्यापाशी हंगामापुरते येणारे माणूस मात्र तसेच, न शिकता, पहिल्या दिवसापासून कामाला लागते.

हे धडे बनवणार कोण? माझे उत्तर तयार आहे. याच परभणी शहरात १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, त्याचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. जागतिक बँकेच्या मदतीने तिथे शेतीतले यंत्रमानव, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रे यांवर प्रकल्प झाला. ज्या संस्थेला यंत्रमानव कळतो, तिला हडंब्याचा व्हीआर धडा अवघड नाही. विद्यापीठाच्या अभियंत्यांनी यंत्र द्यावे, आयटीआयच्या निदेशकांनी कामाची रीत सांगावी, ज्याच्या हाताची बोटे गेली आहेत अशा कामगाराला मानधन देऊन शेजारी बसवावे आणि त्याला विचारावे, ‘त्या दिवशी नेमके काय झाले?’ पहिले धडे तर साधे करता येतील. ३६० अंशांत चित्रण करणारा कॅमेरा खऱ्या जिनिंगमध्ये, खऱ्या शेडमध्ये ठेवायचा आणि धोका कुठे आहे ते मुलाला शोधायला लावायचे. एका बऱ्या हेडसेटची किंमत आज मोटारसायकलपेक्षा बरीच कमी आहे. एका जिल्ह्याला फार लागतही नाहीत.

अडचणी आहेत, त्या मी झाकणार नाही. मे महिन्यात परभणीचा पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, त्या उकाड्यात हेडसेट तापून बंद पडतात. चष्मा एकाच्या डोळ्यांवरून दुसऱ्याच्या डोळ्यांवर जातो. डोळ्यांची साथ आली की तो साथ पसरवतो, म्हणून दर वेळी पुसायचा, स्पंज बदलायचा. काहींना पंधरा-वीस मिनिटांत गरगरते, त्यांना बळजबरी करायची नाही. आणि सगळ्यात मोठी उणीव ही, की चष्म्यात वजन नसते, वास नसतो, रात्रपाळीचा शीण नसतो. बारा तास उभे राहिल्यावर पापणी कशी मिटते, हे कुठलाही हेडसेट शिकवत नाही. म्हणून चष्म्यानंतर लगेच खऱ्या यंत्रापाशी जायचे, त्याच निदेशकांसोबत, आणि तीच कृती खऱ्या हाताने करायची. या दोहोंत आठवडा गेला तर पहिल्याचा उपयोग संपतो.

सरांकडे नवा विद्यार्थी आला, की ते त्याला पहिल्या दिवशी लेथवर काही कापू देत नसत. मशीन चालू कर, बंद कर. पुन्हा चालू, पुन्हा बंद. डोळे मिटून बंद कर. डाव्या हाताने बंद कर. मुले कंटाळत. पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांना थांबवायचा खटका शोधावा लागत नसे. व्हीआरच्या धड्याने नेमके हेच शिकवावे, असे माझे ठाम मत आहे. धोका ओळखणे ही निम्मी गोष्ट झाली. धोका ओळखला की काम थांबवायचे, मागून कुणी ओरडत असले तरी थांबवायचे, हा धडा खरा आणि तो सगळ्यात कठीण.

कठीण अशासाठी, की मुलाला थांबवता येते हे पुरेसे नाही. त्याला थांबवू दिले पाहिजे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या म्हणण्यानुसार पंधरा ते चोवीस वयाच्या कामगारांना मोठ्यांपेक्षा चाळीस टक्क्यांपर्यंत जास्त इजा होतात. याचे कारण ही पोरे बेफिकीर असतात, असे सांगितले जाते. मला ते पटत नाही. नवे पोर नाही म्हणू शकत नाही, हे मोठे कारण आहे. त्याला स्टायपेंड गमवायचा नसतो, उस्तादाच्या नजरेतून उतरायचे नसते, गावाकडे वडिलांना कामावर लागल्याचे सांगून झालेले असते. आपली मुले वाळूजला, चाकणला, रांजणगावला जातात आणि प्रेस शॉपमध्ये उभी राहतात. वाहन उद्योगाच्या सुट्या भागांच्या कारखान्यांत बोटे गमावलेल्या कामगारांचे अहवाल ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था दरवर्षी काढते. त्यात पॉवर प्रेस पुन्हा पुन्हा येतो. दोन्ही हातांनी दाबायचे बटण असते, सेन्सर असतो. उत्पादन वाढवायला तो बंद केलेला असतो. असा बंद केलेला सेन्सर व्हीआरमध्ये शिकलेल्या मुलाला पहिल्याच दिवशी ओळखू येईल. पुढे काय? सुपरवायझरला सांगायची त्याची छाती होईल का, आणि सांगितले तर त्याला उद्या कामावर घेतील का?

कायदा इथे मुलाच्या बाजूने बरेच बोलला आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने चालत्या यंत्राची साफसफाई, तेलपाणी अठरा वर्षांखालच्या मुलाकडून करून घ्यायला मनाई केली. धोके आणि खबरदारी पूर्ण समजावल्याशिवाय, पुरेसे प्रशिक्षण किंवा देखरेख दिल्याशिवाय त्याला धोकादायक यंत्रावर उभे करू नये, असे म्हटले. भोपाळनंतर, १९८७ मध्ये, त्यात धोक्याचा इशारा देण्याचा कामगाराचा हक्क आला, पण तो घातक प्रक्रियांच्या कारखान्यांपुरता. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षितता संहितेने तो इतर आस्थापनांपर्यंत नेला. तरी हा हक्क इशारा देण्याचा आहे. थांबवण्याचा हक्क अजून मालकाच्या मर्जीवर आहे. आणि दहाहून कमी माणसांची बहुतेक शेड संहितेच्या बाहेरच राहतात.

भरपाईचा जुना कायदा १९२३ चा. त्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेला की कमाईची शक्ती किती टक्के गेली, याचा तक्ता होता. अंगठा गेला, तीस टक्के. तर्जनी पूर्ण गेली, चौदा. एका हाताची चारही बोटे गेली, पन्नास. माझी इथल्या कारखानदार मित्रांना विनंती आहे, तो तक्ता एकदा शांतपणे वाचा आणि आपल्या शेडमधल्या सर्वांत लहान मुलाचा हात डोळ्यांसमोर आणा.

व्हीआरबाबत मला एक भीती वाटते. उद्या अपघात झाला, की मालक रजिस्टर पुढे करेल: याला चष्म्यातून प्रशिक्षण दिले होते, ही त्याची सही, चूक त्याचीच. हे साधन अशा रीतीने वापरले गेले तर ते नसलेले बरे. गार्ड काढलेले मशीन हे शिकवून सुरक्षित होत नाही. गार्ड बसवूनच होते. म्हणून माझी सूचना अशी, की चष्मा पहिल्यांदा मालकाने लावावा, मग सुपरवायझरने, आणि शेवटी पोराने. सुपरवायझरच्या धड्यात तो स्वतः यंत्रापाशी असावा आणि मागून त्याच्याच आवाजात ‘रेट, रेट’ ऐकू यावे. पोराने मशीन थांबवले तेव्हा त्याला काय बोलायचे, याचाही सराव त्या धड्यात असावा. ‘शाब्बास, नीट केलेस, आता काय अडकले ते पाहू’ एवढेच बोलायचे असते, पण ते सवयीने तोंडात यावे लागते.

आयोजकांच्या प्रश्नाकडे येतो. लेथ दुरुस्त झालीच पाहिजे, निदेशकांच्या जागा भरल्याच पाहिजेत, आणि हेडसेट त्याच्या बदल्यात कुणी देऊ करत असेल तर तो घेऊ नये. लेथ आणि निदेशक असताना, त्यांच्या जोडीला म्हणून, हेडसेट जरूर घ्यावा.

येता हंगाम आता दूर नाही. दसऱ्याच्या आधी सोयाबीन निघेल, दिवाळीनंतर जिनिंगचे पट्टे फिरायला लागतील, मग साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतील. माझी तीन ठिकाणी विनंती आहे. कृषी विद्यापीठ आणि आयटीआय यांनी एकत्र बसून या हंगामात एकच मराठी धडा करावा, हडंब्याचा, पुढचे पुढे. जिनिंगच्या मालकांनी पहिली गठाण बांधण्याआधी एक सकाळ हंगामी कामगारांना द्यावी, त्या दिवसाची पूर्ण मजुरी देऊन, आणि प्रत्येकाकडून मशीन बंद करण्याचा खटका स्वतःच्या हाताने दाबून घ्यावा. त्याला हेडसेट लागत नाही. आणि मागच्या रांगांत बसलेल्या मुलांनो, तुम्ही उद्या जिथे शिकाऊ म्हणून जाल, तिथे पहिल्या दिवशी दोन गोष्टी विचारा: हे मशीन कुठून बंद होते, आणि मी ते बंद केले तर कुणी रागावेल का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ आले, तर त्याच संध्याकाळी तुमच्या निदेशकांना फोन करा. निदेशक बंधुभगिनींनो, तो फोन तुम्ही उचलायचा आहे.